माघातला पोळा

१

खुशालराव गावंडे वारले ते माघातल्या एका शनिवारी, सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी ते अकोल्याला आपल्या अंगणात उभे राहून दात घासत होते.

त्यांच्या मरणाची बातमी आमच्याच ब्लॉगवर आली. 'पाटाचं पाणी' हे आमच्या ब्लॉगचं नाव. मी शेखर बोंडे, राहणार अमरावती, पोटासाठी विम्याच्या कचेरीत कारकून आणि हौसेनं या ब्लॉगचा मालक. वऱ्हाडातली माणसं, भाज्या, बाजार, जुन्या आठवणी असं काहीबाही आम्ही त्यात लिहितो. लिहिणारे तिघंच. एक मी, दुसऱ्या सीमाताई वानखडे, नांदगाव पेठेतल्या एका शाळेत त्या ग्रंथपाल आहेत, आणि तिसरे खुशालराव, निवृत्त पोस्टमास्तर, वय अठ्ठ्याहत्तर. वाचक येतात ते खरं तर त्यांच्यासाठी. आम्ही दोघं पानाची भर.

वाचक वाढवायचं वेड मला दोन वर्षांपासून लागलं होतं. फेसबुकवर पान काढलं, व्हॉट्सॲपवर वाचकांचा ग्रुप केला, कोणती पोस्ट किती जणांनी पाहिली याचा आलेख रोज सकाळी देवपूजेच्या आधी बघायला लागलो. आठवड्यापूर्वी मी एक टूल घेतलं होतं. आपण पोस्ट भरून ठेवायच्या आणि ते ठरल्या वेळी सगळीकडे टाकणार. आपले लोक सकाळी सहा दहाला फोन हातात घेतात, हेही त्यानंच शोधून काढलं.

त्या शनिवारी मी सातला उठलो. खुशालरावांचा हार घातलेला फोटो, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' आणि खाली भलामोठा मजकूर. पहिली ओळ वाचली. पुढं वाचलंच नाही. आधी सगळीकडून ती पोस्ट काढून टाकली. तोवर अकराशे लोकांनी ती पुढं पाठवली होती.

फोन सुरू झाले. जो तो विचारी, हे कोणी केलं? मी प्रत्येकाला एकच सांगितलं, "पान सीमाताई सांभाळतात, मी त्यांना विचारतो." यात एक अक्षर खोटं नव्हतं. पासवर्ड आम्हा दोघांकडे होता आणि रोजचं पान त्याच बघत. पण त्या वाक्याची मला आज, हे लिहितानाही, लाज वाटते.

लोकांनी त्यावर लगेच विश्वास ठेवला, त्यालाही कारण मीच. मंगळवारी आमच्या पानावर 'पोळ्याच्या हार्दिक शुभेच्छा' झळकल्या होत्या, ऐन माघात. लोकांनी यथेच्छ टिंगल केली. मी दोनशे वाचकांच्या ग्रुपमध्ये सीमाताईंना झापलं. त्यांनी लिहिलं, ही पोस्ट मी टाकलेली नाही. मी म्हटलं, मग काय बैलांनी टाकली? गुरुवारी अंबाडीच्या भाजीवरचा एक लेख आला आणि अर्ध्या वाक्यातच तुटला. त्याचंही खापर त्यांच्यावरच. शिवाय खुशालरावांचे लेख फार लांबतात, कापायला हवेत, असं त्या महिन्यापूर्वी बोलल्या होत्या आणि म्हातारा तेव्हा रागावला होता.

दुपारपर्यंत कोणीतरी त्या पोस्टचा फोटो शाळेच्या संचालकांना पाठवला. जित्या माणसाला मारणारी बाई मुलांमध्ये नको, असा त्यांचा सूर. सोमवारी अकरा वाजता खुलासा घेऊन या, नाहीतर राजीनामा आणा, असा सीमाताईंना निरोप आला. अठरा वर्षांची नोकरी होती त्यांची.

दोन वाजता माझा फोन पुन्हा वाजला. पलीकडे खुद्द मयत होते.

"शेखर, मी मेलो म्हन्तेत. ये इकडं. मले कोनं मारलं ते पाहू."

२

बडनेरा, मूर्तिजापूर करत मी संध्याकाळी अकोल्याला पोचलो. जठारपेठेतल्या त्यांच्या दाराशी एक मंडपवाला हुज्जत घालत होता. त्याला सकाळीच कोणीतरी खुर्च्या सांगितल्या होत्या. अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीवर खुशालराव बसलेले आणि समोर भेटायला आलेल्यांची रांग. हार आणणाऱ्यांना ते सांगत होते की देवळात वाहा, वाया घालवू नका. धामणगावहून त्यांची थोरली बहीण गंगूबाई गाडीनं रडत रडत आली होती. तिनं म्हणे आधी भावाच्या गालावर एक ठेवून दिली आणि मग गळ्यात पडली.

माणूस मोठा मिस्कील. पण डोळे पाहिले तर ते हसत नव्हते. श्रावणात ते स्वतः दवाखान्यात मरता मरता वाचले आणि कार्तिकात त्यांची बायको पार्बताबाई गेली. तेव्हापासून घरात ते एकटे.

खुशालरावांची एक ख्याती सांगितली पाहिजे. नोकरीत असताना ज्या पत्रावर पत्ता धड नसे ते त्यांच्या टेबलावर येई. 'मामाला मिळे, कापसाच्या गावी' एवढ्यावरून त्यांनी माणूस शोधून काढला होता. शाई, घडी, ठप्पा, हस्ताक्षर, सगळं बघत. पत्र फोडायचं मात्र नाही, हा त्यांचा नेम.

संशय घरातही होता. त्यांचा पुतण्या देवीदास शेजारच्या गल्लीत मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. काकानं एकटं राहू नये, घर विकून नागपूरला मुलीकडे जावं, म्हणून तो मागं लागला होता. दिवाळीनंतर भांडणात बोलून गेला होता की या घरातून तुम्ही मेल्यावरच निघाल. गल्लीनं ते ऐकलं होतं.

खुशालरावांनी त्याला समोर बसवलं आणि सरळच विचारलं. देवीदास संतापला नाही. खाली मान घालून म्हणाला, तसं बोललो त्याची मलाच शरम वाटते, पण मला साधा फोटो पाठवताना दोनदा पोराला विचारावं लागतं. मी कुठं हार घालत बसू?

मग खुशालरावांनी जमलेल्या सगळ्यांना एक प्रश्न केला. पोस्ट शेवटपर्यंत कोणी वाचली? पंचवीसेक माणसं होती. सगळ्यांनी फोटो पाहिला होता, बहुतेकांनी पुढं पाठवला होता. मजकूर कोणीही वाचला नव्हता.

"आन् तू?" त्यांनी मला विचारलं.

"पहिली ओळ वाचली, काकाजी, आणि काढून टाकली."

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाले, मजकूर हाती लागल्याशिवाय काही समजणार नाही. पाकीट पाहून पत्र कळत नसतं.

देवीदासनं वर पाहिलं. "श्यामकडं असन. तुमच्या पानावरचं तो काईच सोडत नाई."



३

श्यामचं टिळक रोडवर फोटो काढायचं दुकान आहे आणि आमच्यासारखंच त्याचंही एक पान आहे. मागच्या वर्षी वरूडकडचे एक वयोवृद्ध भजनी बुवा गेले. त्यांच्यावर आमच्याकडे चांगला लेख होता, पण श्यामनं नुसता फोटो आणि दोन ओळी आमच्या तीन तास आधी टाकल्या. त्याला चाळीस हजार लोकांनी पाहिलं, आम्हाला सहाशे. तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नव्हतो.

रविवारी सकाळी आम्ही त्याच्या दुकानात गेलो. मनातून मला वाटत होतं की यानंच केलेलं असावं. म्हणजे तसं निघालं तर किती बरं, असं वाटत होतं.

श्यामनं काकाजींच्या पाया पडून घेतलं, खुर्ची पुसून दिली. आपल्यावर आळ आहे हे त्याला ठाऊक होतं.

"मी मानूस मेल्यावर टाकतो, काकाजी. धंदा हाये माहा. पन आधी नाई टाकत."

मजकूर त्याच्याकडे होता. त्यानं तो कागदावर छापून दिला. देता देता माझ्याकडे बघून म्हणाला की शेखरभाऊ, तुमचा हेवा वाटला मला, असं आमच्याकडे कोणाला लिहिता येत नाही. एका सकाळी बसून तर होतच नाही.

खुशालरावांनी चष्मा लावला आणि आपला मृत्युलेख वाचायला घेतला. मी भिंतीवरचे फोटो पाहत राहिलो.

पहिल्या पानावर ते दोनदा हसले. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी थांबले, बोट ठेवलं आणि कागद माझ्याकडे केला. शेवटची ओळ होती. 'त्यांच्या पश्चात पत्नी पार्बताबाई, दोन मुली, जावई, नातवंडं असा आप्तपरिवार आहे.'

श्याम चुकचुकला. म्हणाला, लिहिणाऱ्याला काकू गेल्याचंही माहीत नाही, म्हणजे कोणीतरी परका, लांबचा. मी पटकन मान डोलावली. मला तसं फार पटलं असं दाखवलं.

खुशालरावांनी मात्र कागद पुन्हा वर सरकवला आणि मधला एक परिच्छेद श्यामला मोठ्यानं वाचायला लावला.

'नोकरीच्या सुरुवातीला खुशालराव धामणगावला एकटे राहत. पार्बताबाई वरूडला माहेरी. त्यांच्या प्रत्येक पत्राच्या पाकिटात संत्र्याची वाळलेली साल असे. सालीचा वास आला की पाकीट फोडण्याआधीच नवऱ्याला कळावं, घरी सगळं ठीक आहे.'

"हे लांबच्या मानसाले कसं ठाऊक?" खुशालराव म्हणाले. "हे माह्या पोरींले ठाऊक नाई."

त्यांनी कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो खिशात ठेवला. मग मला विचारलं, श्याम म्हणतो असं एका सकाळी लिहून होत नाही, तू तर लिहिणारा, तुला काय वाटतं?

मी म्हटलं, काही सांगता येत नाही, काकाजी.

"चाल मंग," ते उठले. "आता सीमाकडं जाऊ. तिले उद्या अकरा वाजता फाशी हाये."

४

बसमध्ये ते खिडकीशी बसले. बोरगाव मंजू मागं पडलं. नंतर आपणहून सांगायला लागले.

साल पाकिटात असायची ती त्यांना आठवत होती. संत्र्याच्या मळ्यातली पोरगी, वासाची हौस असेल, असं ते समजत. साल काढून टाकायची आणि पत्र वाचायचं. तिचा काही अर्थ होता हे पन्नास वर्षांत त्यांना बायकोनं सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही विचारलं नव्हतं. तो आज श्यामच्या दुकानात कळला.

"एक पाकीट बिनसालीचं आलं होतं," ते म्हणाले. "कामाची घाई होती. संध्याकाळी पाहू म्हनलं. दोन दिवस फोडलं नाई."

मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. पहिली मुलगी, दोन महिन्यांची, गेल्याचं पत्र होतं ते. पार्बताबाईंनी नंतर कधी बोल लावला नाही. आता कळतं, ते म्हणाले, त्या बाईनं पाकिटावरूनच मला हाक मारली होती आणि मी ते टेबलावर ठेवून जेवायला गेलो.

एवढा हसरा माणूस, पण त्यांचा आवाज शरमेनं इतका खाली गेला होता की बसच्या आवाजात मला वाकून ऐकावं लागलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. उतरणारे उतरले. खुशालराव माझ्याकडे वळले.

"शेखर, तुले काई सांगाचं हाये काय?"

मी म्हटलं, "चहा घेता काय, काकाजी?"

"घेऊ," ते म्हणाले.

सीमाताईंचं घर साईनगरात. आम्ही गेलो तेव्हा त्या खुलासा लिहीत बसल्या होत्या. चार-पाच चुरगळलेले कागद बाजूला पडले होते. काकाजींना बघून त्या उठल्या आणि पाया पडताना एकदम रडल्या. मला 'या' म्हणाल्या, पण माझ्याकडे बघितलं नाही.

"काकाजी, लेख कापा म्हनलं मी. मानूस मारा नाई म्हनलं."

म्हाताऱ्यानं त्यांना आधी पाणी प्यायला लावलं आणि मग एकेक प्रश्न विचारला. शनिवारी सकाळी सहा दहाला कुठं होतीस? नळाला पाणी आलं होतं, ते भरत होते. पोळ्याची पोस्ट? नाही. अंबाडीची? तीही नाही. मग गेल्या आठवड्यापासून पानावर सकाळचं कोण टाकतं? सीमाताईंनी सांगितलं, शेखरभाऊंनी नवीन टूल घेतलं तेव्हापासून सहा दहाचं तेच टाकतं. त्याचा पासवर्ड माझ्याकडे नाही. मागितला होता, शेखरभाऊ म्हणाले आधी मी शिकतो, मग देतो.

खुशालरावांनी शेवटचं विचारलं, पार्बतीला तू कधी भेटली होतीस? सीमाताई म्हणाल्या, एकदाच यायचं झालं, तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. पण त्या दिवशी काकू घरी अंघोळीला गेल्या होत्या. भेट राहिली ती राहिलीच.

ते माझ्याकडे वळले. सीमाताईंसमोर, हळू आवाजात, त्यांनी विचारलं, शेखर, तुला हिला काही विचारायचंय का? की सांगायचंय?

मी म्हणालो, "नाही."

बाहेर आल्यावर ते चपला घालत म्हणाले, "आता तुह्या घरी चाल. माहा खुनी सापडला."

५

माझ्या बायकोनं, आरतीनं, चहा ठेवला. खुशालराव दिवाणावर बसले आणि खिशातला कागद काढून मांडीवर पसरला. आरतीला त्यांनी बसायला सांगितलं. मी म्हटलं, ती कशाला? ते म्हणाले, बसू दे.

"आमच्याकडं पत्राले दोन तारखा असत," त्यांनी सुरुवात केली. "एक लिहिल्याची, एक ठप्प्याची. लोक ठप्पा पाहून भांडतेत. मी लिहिल्याची पाहो."

मग त्यांनी एकेक गोष्ट सांगितली, जशी कचेरीत नव्या पोस्टमनला समजावत असतील तशी.

या लेखात पार्बताबाई जिवंत आहे. श्याम म्हणतो लिहिणारा परका होता म्हणून चुकला. पण सालीची गोष्ट परक्याला ठाऊक नाही, घरच्यांनाही नाही. ती एकट्या पार्बतीला ठाऊक. म्हणजे लिहिणाऱ्याला हे तिनं स्वतः सांगितलं. आणि ती सांगत होती तेव्हा ती जिवंत होती, म्हणून लेखातही जिवंत आहे. लिहिणारा चुकला नाही. लेख जुना आहे. शनिवारी पडला तो फक्त ठप्पा.

आता, कधीचा? पार्बती परक्यांत बसून बोलणारी बाई नव्हती. जन्मात ती एकदाच घराबाहेर बसली, मी दवाखान्यात होतो ते एकोणीस दिवस, बाहेरच्या बाकावर. तेव्हा मी मरणार असं सगळ्यांनीच धरलं होतं.

कोण? देवीदासला फोटो पाठवता येत नाही. श्याम तिकडे फिरकलाच नाही, आणि त्याच्याकडे असा लेख असता तर त्यानं तो आपल्याच पानावर ठेवला असता. सीमाची आणि पार्बतीची भेट झाली नाही.

"तू सहा खेपा आला, अमरावतीहून," ते म्हणाले. "तिच्यासाठी थर्मासात चहा आनत होता. ती मले सांगे, शेखर लय चांगला पोट्टा हाये, माह्याजवळ बसून सारं इचारते."

आरती माझ्याकडे बघत होती. मी जमिनीकडे.

"तरी खातरी नव्हती. पन मंग पोळा आठवला." पोळ्याच्या दिवशी त्यांच्या नाकात नळी होती. त्या वर्षी पोळ्याच्या शुभेच्छा ब्लॉगवर आल्याच नाहीत, हे त्यांना बरं झाल्यावर जुने लेख वाचताना दिसलं होतं. लिहिणारा तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसला होता, म्हणून त्या अर्ध्यावर पडून राहिल्या. अंबाडीचा लेखही तसाच, त्याच दिवसांतला. मंगळवारी पोळा आला, गुरुवारी अंबाडी, शनिवारी मी. एकाच थैलीतली पत्रं, एकामागून एक निघालेली. थैली कोणाची, ते सीमानं सांगितलं. टूलची चावी एकाकडेच आहे.

मी कबूल केलं. कबूल करण्यासारखं त्यांनी काही उरवलं नव्हतं, तरी केलं. टूल सुरू करताना ते सारखं काहीतरी विचारत होतं आणि मी वाचायच्या आधीच प्रत्येक चौकोनात टिक करत गेलो. त्यात एक चौकोन होता, जुने अपुरे लेख रांगेनं टाकू का? एक्केचाळीस लेख त्या रांगेत लागले; ते मला शनिवारी कळलं आणि तेव्हा मी रांग बंद केली. शनिवारी पोस्टची पहिली ओळ वाचली आणि पुढं वाचलं नाही, कारण पुढचं मला ठाऊक होतं. मीच लिहिलं होतं. भजनी बुवा गेले तेव्हा श्याम तीन तासांनी पुढं गेला. माणूस गेला की पहिल्या तासात जो टाकतो त्याच्याकडे लोक येतात, हे मी आलेखावरून शिकलो होतो. यावेळी मागं राहायचं नाही म्हणून त्या बाकावरच, पार्बताबाईंशी बोलत बोलत, फोनवर लिहून ठेवलं. त्यांना म्हटलं, काका बरे झाले की त्यांच्यावर लेख करायचाय. हार घातलेला फोटोसुद्धा तिथंच तयार केला. फोटो पार्बताबाईंनीच दिला होता.

चहावर साय धरली.

"मले एक सांग," खुशालराव म्हणाले. "तू मी मराची वाट पाहून राहिला होता काय?"

इतकं सगळं झाल्यावर खोटं बोलायला जीभ वळेना. मी सांगितलं, वाट पाहत नव्हतो. तुम्ही बरं व्हावं असंच वाटत होतं. पण तुम्हाला घरी सोडलं त्या दिवशी तो लेख पुन्हा उघडला होता आणि क्षणभर वाटलं, वाया गेला.

आरती उठून आत गेली.

६

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ते म्हणाले, कालपासून तुला बोलायला चार ठिकाणी जागा दिली, अंगणात, श्यामकडे, मूर्तिजापूरला, त्या पोरीच्या घरी. तू चुकून टिक केलं ते मी समजू शकतो. पण सीमाच्या दारात 'नाही' म्हणालास ते चुकून नव्हतं.



मग त्यांनी मला फोन घ्यायला लावला. समोर बसवून, शाळेतल्या पोराकडून शुद्धलेखन घ्यावं तसं, सगळं लिहून घेतलं. काय लिहिलं होतं, कधी, कशासाठी, आणि शनिवारी कोणाचं नाव पुढं केलं. दोन ठिकाणी मी वाक्य गुळगुळीत करायला गेलो, तिथं त्यांनी परत लिहायला लावलं. सीमा वानखडे यांचा यात काडीचा संबंध नाही, हे वाक्य सगळ्यात वर. साडेआठ वाजले होते. टूलनं सुचवलं की ही वेळ चांगली नाही, सकाळी सहा दहाला टाकल्यास अधिक लोक पाहतील. मी नाही म्हटलं आणि बटण दाबलं.

जायला निघताना मी विचारलं, काकाजी, तो जुना लेख कायमचा पुसून टाकू ना?

"पुसू नको. कवातरी लागंन," ते म्हणाले. थोडं थांबून पुढं म्हणाले, "पन शेवटच्या ओळीत पार्बतीचं नाव खोडू नको. तेवढं राहू दे."

सोमवारी ते अकराच्या आधीच नांदगाव पेठेला शाळेत हजर होते. मला बाहेर फाटकाशी उभं केलं. संचालकांसमोर ते स्वतः बसले, माझी पोस्ट छापून पुढं ठेवली आणि म्हणे एवढंच विचारलं की मेलेल्या माणसाची साक्ष तुम्हाला चालते ना. वीस मिनिटांत सीमाताई बाहेर आल्या. राजीनामा मागितला गेला नव्हता. उलट संचालकांनी माफी मागितली होती.

त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. पर्समधून एक चिठ्ठी काढून दिली. पानाचा पासवर्ड होता, त्यांच्या सुबक अक्षरात. यापुढं त्यांना तो नको होता. मी माफी मागितली. "बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

मागून खुशालराव काठी टेकत आले. त्यांनी चिठ्ठीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, थकवा होता.

"लोकायनं पायली ना तुही पोस्ट?" त्यांनी विचारलं. "किती झाले?"

सीमाताई जाता जाता थांबल्या. ती आमच्या ब्लॉगची आजवरची सगळ्यात जास्त पाहिली गेलेली पोस्ट होती. मला माहीत नाही म्हणता आलं असतं. फोन खिशात होता, तो मी काढला नाही. काढायची गरज नव्हती.

"एकसष्ट हजार चारशे बारा," मी म्हणालो.